कोळशाच्या मुलखातील साक्षीदार आणि त्यांचे प्रवास

कोळशाच्या विध्वंसक खाणकामाविरुद्ध गेल्या साठ वर्षांत जे लढे झाले, त्यांचा इतिहास बहुधा न्यायालयांचे निवाडे, कायद्यांतील दुरुस्त्या आणि कंपन्यांचे ताळेबंद यांच्या आधारे लिहिला जातो. त्या लढ्यांतील माणसांनी केलेल्या प्रवासांना त्यात तळटीपेपलीकडे जागा मिळत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे प्रवासच आहेत. डोंगराच्या घळीतील वस्तीतून निघून राजधानी गाठणे, तेथे समितीपुढे किंवा लोकप्रतिनिधीच्या कचेरीत आपल्या गावाचे काय झाले ते सांगणे आणि मग पुन्हा त्याच वस्तीत, त्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहायला परतणे, ही साधी दिसणारी कृती खाणविरोधी राजकारणाच्या केंद्रस्थानी का आली, याचा विचार येथे मुख्यतः अमेरिकेतील ॲपलाचिया या डोंगराळ प्रदेशाच्या आधारे केला आहे. ज्या अधिकाऱ्याच्या सहीने डोंगर जातो त्याला तो डोंगर पाहावा लागत नाही आणि ज्या शहराला त्या कोळशाची वीज मिळते त्या शहरालाही तो दिसत नाही. विध्वंसक खाणकाम या अंतरावर टिकून असते आणि ते अंतर तोडण्याचे काम ज्यांच्याकडे सर्वांत कमी साधने आहेत त्यांच्याच वाट्याला येते, असे या मांडणीचे सूत्र आहे.

ॲपलाचियाची पर्वतरांग अमेरिकेच्या पूर्व भागातून ईशान्येकडून नैऋत्येकडे जाते. तिच्या मध्यभागातील पश्चिम व्हर्जिनियाचा दक्षिण भाग, केंटकीचा पूर्व भाग आणि त्यांना लागून असलेले व्हर्जिनिया व टेनेसी राज्यांतील जिल्हे हा कोळशाचा मुलूख होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे भूमिगत खाणी होत्या, त्यांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली आणि स्फोटांत व फुप्फुसांच्या विकाराने मेली; परंतु डोंगर जागेवर राहिला. १९७० च्या दशकात येथे वेगळी पद्धत आली आणि १९९० च्या दशकात ती झपाट्याने पसरली. तिला शिखर-उच्छेद खाणकाम म्हणता येईल. या पद्धतीत डोंगरावरील जंगल आधी साफ केले जाते, मग खडकात भोके पाडून सुरुंगाची दारू ठासली जाते, शिखर थराथराने उडवले जाते आणि ड्रॅगलाइन नावाच्या, कित्येक मजली इमारतीएवढ्या उंच यंत्राने तो राडारोडा बाजूला सारून खालचा कोळशाचा पातळ थर काढून घेतला जातो. भूमिगत खाणीला जेवढे मजूर लागत, त्याच्या अगदी थोड्या हिश्श्यात हे काम उरकते, आणि कंपन्यांना ही पद्धत प्रिय होण्याचे खरे कारण तेच आहे. १९९० मध्ये हवा शुद्धता कायद्यात दुरुस्ती होऊन औष्णिक केंद्रांना गंधक कमी असलेला कोळसा हवासा वाटू लागला, याचाही तिच्या प्रसाराला मोठा हातभार लागला; शहरांची हवा सुधारावी म्हणून केलेल्या कायद्याचा भार असा डोंगरातल्या वस्त्यांवर पडला.

उडवलेले शिखर कुठेतरी टाकावे लागते. कोळशावरील माती आणि खडक यांच्या या राशीला खाणउद्योगात ‘ओव्हरबर्डन’ म्हणतात. वर्धा आणि इरई नद्यांच्या काठी उभे राहिलेले ‘ओबी’चे ढिगारे पाहिलेल्या चंद्रपूरकरांना हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. ॲपलाचियात मात्र ही रास शेजारच्या दरीत लोटली जाते. डोंगरातील पहिले झरे आणि ओढे याच दऱ्यांच्या माथ्याशी उगम पावत असल्याने दरीभराव म्हणजे नदीचा उगमच गाडून टाकणे होय. अमेरिकी सरकारच्या स्वतःच्या पर्यावरणीय अहवालानुसार १९८५ ते २००१ या काळात सुमारे १,१६० किलोमीटर लांबीचे ओढे असे गाडले गेले. २०१६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या आणि नव्या उंचीच्या नकाशांची तुलना केली, तेव्हा मध्य ॲपलाचियाचे काही भाग पूर्वीपेक्षा ४० टक्के अधिक सपाट झाल्याचे दिसून आले. भरावातून पाझरणारे पाणी क्षार आणि सेलेनियम घेऊन खाली उतरते आणि खाण बंद पडून वर्षे लोटली तरी ते थांबत नाही.

याशिवाय कोळसा धुतल्यावर उरणारा काळा चिखल, म्हणजे स्लरी, डोंगराच्या खोबणीत बांध घालून साठवली जाते. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी पश्चिम व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे असा बांध फुटून १२५ माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे ४,००० बेघर झाली. बांध बांधणाऱ्या कंपनीने त्या प्रलयाला दैवी कोप म्हटले. ऑक्टोबर २००० मध्ये केंटकीतील मार्टिन परगण्यात स्लरीच्या तलावाचा तळ खालच्या जुन्या खाणीत कोसळला आणि ११० कोटी लिटरहून अधिक चिखल ओढ्यांत उतरला. ज्यांची घरे अशा तलावांखाली आहेत, ती माणसे पावसाळी रात्री कपडे अंगावर ठेवूनच झोपतात, ही गोष्ट या प्रदेशातील साक्षींत पुन्हा पुन्हा येते.

कायद्याने हे थांबवता आले असते. पश्चिम व्हर्जिनियाचे लोकप्रतिनिधी केन हेक्लर यांनी १९७१ मध्येच उघड्या खाणकामावर पूर्ण बंदी घालणारे विधेयक मांडले होते. पण ते मंजूर झाले नाही आणि ३ ऑगस्ट १९७७ रोजी नियमनाचा जो कायदा झाला, त्यावर सही करताना राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीच तो हवा तेवढा कडक नसल्याचे बोलून दाखवले. खाणीनंतर डोंगराला जवळपास मूळचा आकार परत द्यावा असे हा कायदा सांगतो. मात्र त्या जागी उद्योग, वसाहत किंवा तत्सम उपयोग होणार असेल तर शिखर सपाट ठेवण्याची सवलतही तोच कायदा देतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक सपाट माळ गवत पेरून ओसाड सोडले गेले. ओढ्यापासून शंभर फुटांच्या आत खाणकामाचा उपद्रव होऊ नये, असा नियम १९८३ पासून होता. तो नियम वहीत असताना दऱ्या भरल्या जात राहिल्या, कारण परवाना देणाऱ्यांना दरी हा नकाशावरील एक तुकडा होता.

या दृष्टीने फेब्रुवारी १९९९ मधील एका हवाई पाहणीला फार महत्त्व आहे. पश्चिम व्हर्जिनियातील पाय या लहानशा वस्तीतील पॅट्रिशिया ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगन परगण्यातील स्प्रूस या प्रचंड खाणीविरुद्ध दावा लावला होता. संघीय न्यायाधीश चार्ल्स हेडन यांनी केवळ कागद न वाचता जागेवर जाऊन, आणि हवेतून, पाहणी केली. त्या दिवशी जमिनीवर बर्फाचा पातळ थर होता, त्यामुळे खणलेले डोंगर झाडांच्या काळपट रांगांमध्ये पांढऱ्या पठारांसारखे मैलोन्‌मैल अंतरावरून उठून दिसत होते, अशी नोंद त्यांच्या आदेशात आहे. त्यांनी आधी खाणीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये दरीभराव ओढ्यांच्या नियमाचा भंग करतात असा निर्णय दिला. वरच्या न्यायालयाने २००१ मध्ये तो फिरवला, पण दऱ्या भरणे योग्य आहे म्हणून नव्हे. राज्य सरकारविरुद्ध असा दावा संघीय न्यायालयात चालू शकत नाही, या अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. पाहणाऱ्याने एक निर्णय दिला आणि न पाहणाऱ्यांनी दुसरा, असे म्हणणे कदाचित फार सोपे ठरेल. तथापि डोंगर डोळ्यांनी पाहिलेल्या न्यायाधीशाच्या लेखणीतून उतरलेला तो आदेश या विषयाच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे.

न्यायाधीश एकदा आले. बाकीच्या वेळी गावालाच जावे लागले. या जाण्याला चळवळीचे रूप देणाऱ्यांत ज्युडी बाँड्स आणि लॅरी गिब्सन ही दोन नावे अग्रभागी आहेत. बाँड्स कोळसा-कामगारांच्या घराण्यातल्या, मार्फोर्क नावाच्या घळीत वाढलेल्या. १९९० च्या दशकात त्यांचा नातू घरापुढच्या ओढ्यात उतरला आणि दोन्ही मुठींत मेलेले मासे धरून या माशांना काय झाले असे विचारू लागला. या प्रसंगापासून त्यांच्या सार्वजनिक कामाला आरंभ झाला. पुढे कोल रिव्हर माउंटन वॉच या संघटनेच्या वतीने त्या देशभर बोलल्या, २००३ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि ३ जानेवारी २०११ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या ५८ वर्षांच्या होत्या. गिब्सन हे केफर्ड डोंगरावरचे. चहूबाजूंचे डोंगर उडवले गेले असताना त्यांनी आपल्या घराण्याची सुमारे ५० एकर जमीन आणि तिच्यावरील दफनभूमी विकण्यास ठाम नकार दिला. त्यांना धमक्या आल्या, त्यांच्या राहत्या जागेवर गोळ्या झाडल्या गेल्या, तरी ते चर्चमध्ये, महाविद्यालयांत, जेथे बोलावणे येईल तेथे जात राहिले. ऐकणाऱ्याला ते आपल्या डोंगरावर येण्याचे निमंत्रण देत आणि आलेल्याला घराच्या वरच्या अंगाने चालवत नेऊन, जेथे वाट एकाएकी तुटते आणि खाली शेकडो एकरांचा करडा खड्डा उघडतो, त्या कडेवर उभे करीत. प्रवास दोन्ही दिशांनी झाला पाहिजे, ही त्यांच्या कामातील दृष्टी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

एड वायली यांचा प्रवास पायी होता. संडायल येथील मार्श फोर्क प्राथमिक शाळेला लागून कोळशाची उंच टाकी होती आणि शाळेच्या वरच्या अंगाला सुमारे १,०६० कोटी लिटर क्षमतेचा स्लरीचा तलाव. वायलींनी स्वतः तेथील कोळसा उद्योगात काम केले होते, त्यामुळे बांधाबद्दलची त्यांची काळजी ऐकीव नव्हती. त्यांची नात त्या शाळेत शिकत होती आणि वारंवार आजारी पडून घरी येत होती. राज्याच्या राजधानीत दाद लागेना, तेव्हा २००६ च्या ऑगस्टमध्ये ते चार्ल्स्टनहून निघाले आणि ४५५ मैल, म्हणजे सुमारे ७३० किलोमीटर चालून सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनला पोहोचले व त्यांनी वयोवृद्ध सिनेटर रॉबर्ट बर्ड यांची भेट घेतली. नव्या शाळेसाठी लहान मुलांकडून एकेक पैशाचे नाणे गोळा करण्याची मोहीमही त्यांनी चालवली होती. २०१० मध्ये एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या मोठ्या देणगीने निधीची जुळवाजुळव पूर्ण झाली आणि मुले दुसऱ्या, सुरक्षित ठिकाणच्या शाळेत गेली. ज्या खोऱ्यात विजयाच्या बातम्या फार थोड्या, तेथे ही एक आहे आणि ती पायांनी मिळवलेली आहे. बर्ड यांच्याबद्दलही येथे नोंदवले पाहिजे, की आयुष्यभर कोळशाची बाजू घेतलेल्या या सिनेटरने डिसेंबर २००९ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, कोळसा उद्योगाने बदलते वास्तव स्वीकारावे असे जाहीरपणे लिहिले.

२००६ च्या सुमारास या एकेकट्या प्रवासांना वार्षिक स्वरूप आले. अलायन्स फॉर ॲपलाचिया या संघटनांच्या आघाडीने दरवर्षी डोंगरवासीयांना एका आठवड्यासाठी वॉशिंग्टनला नेण्यास सुरुवात केली. दरीभरावाला आळा घालणारे स्वच्छ पाणी संरक्षण विधेयक २००२ पासून प्रतिनिधिगृहात मांडले जात होते. त्यासाठी सदस्यांच्या सह्या मिळवणे हा भेटींचा उद्देश. ज्या माणसाने कधी खासदाराची कचेरी पाहिली नाही, त्याला पंधरा मिनिटांत आपले आयुष्य सांगायचे असते, समोर बहुधा विशीतला एखादा सहायक वहीत टिपणे घेत बसलेला असतो, आणि बरणीत आणलेले विहिरीचे नारिंगी पाणी टेबलावर ठेवावे की नाही, असा प्रश्न पडतो. २७ सप्टेंबर २०१० रोजी झालेल्या ‘ॲपलाचिया रायझिंग’ या मोर्चात व्हाइट हाउसपुढे शंभरहून अधिक जणांना अटक झाली. विधेयक मात्र आजतागायत मंजूर झालेले नाही.

साक्षीला आलेल्याचे बोलणे ऐकले जाईलच असे नाही, हे सर्वांत ठळकपणे दिसले ते १ जून २०१२ रोजी. पश्चिम व्हर्जिनियातील बॉब व्हाइट येथील मारिया गनो, ज्यांना २००९ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला होता, प्रतिनिधिगृहाच्या खनिजविषयक उपसमितीपुढे साक्ष देण्यास आल्या. त्यांनी आणलेल्या छायाचित्रांत छायाचित्रकार केटी फाल्कनबर्ग यांनी पालकांच्या संमतीने काढलेले एक छायाचित्र होते: घरच्या टबात बसलेली पाच वर्षांची मुलगी आणि तिच्या भोवतीचे गंजाच्या रंगाचे पाणी. समितीच्या कर्मचाऱ्यांनी हे छायाचित्र अयोग्य ठरवून दाखवू दिले नाही. एवढ्यावर न थांबता साक्ष संपल्यावर संसदेच्या पोलिसांनी गनो यांना बाजूला घेऊन बालकांच्या अश्लील चित्रणाच्या संशयावरून त्यांची चौकशी केली. त्यांच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. परंतु त्या चित्रात पाहण्यासारखी गोष्ट पाण्याचा रंग ही होती आणि त्या पाण्याबद्दल उपसमितीत कोणीही चौकशी केली नाही, हे वाचून आजही संताप आल्यावाचून राहत नाही.

परतीचा प्रवास कमी कठीण नसतो. कोळशावर ज्याची चूल पेटते असा भाऊ, चुलता किंवा शेजारी प्रत्येक वस्तीत असतो आणि राजधानीत जाऊन खाणीविरुद्ध बोललेली व्यक्ती त्याच्या लेखी पोटावर पाय देणारी ठरते. जून २००९ मध्ये मार्श फोर्क शाळेजवळच्या निदर्शनांत ज्युडी बाँड्स यांना खाणसमर्थक जमावातील एका व्यक्तीने थोबाडीत मारली. त्याच दिवशी ९४ वर्षांचे केन हेक्लर हे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्यासह अटक करवून घेत होते. कामगार आणि डोंगर यांना एकमेकांचे वैरी बनवण्यात कंपन्यांना यश आले; वस्तुतः यंत्रांनी मजुरांची संख्या घटवलेली होती आणि रोजगार डोंगरप्रेमींनी नव्हे, तर ड्रॅगलाइनने नेला होता. चळवळीनेही ही गोष्ट कामगारांच्या वस्तीत पुरेशी सांगितली नाही, असे वाटते. राजधानीचा रस्ता तुडवताना शेजारच्या घराचा उंबरठा काहीसा दुर्लक्षिला गेला.

एवढे करून काय मिळाले, याचे उत्तर संमिश्र आहे. जानेवारी २०११ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने स्प्रूस खाणीच्या मोठ्या भागाचा परवाना रद्द केला आणि तो निर्णय पुढे न्यायालयात टिकला; हे घडले ते पायमधून सुरू झालेल्या बारा वर्षांच्या पाठपुराव्यामुळे. २०१२ मध्ये पेट्रियट कोल या कंपनीने ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे मान्य केले. उलट डिसेंबर २०१६ मध्ये निघालेला ओढे संरक्षणाचा नवा नियम फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमी या खाणकामाच्या आरोग्यावरील परिणामांचा अभ्यास करीत होती, अभ्यासकांची समिती केंटकीत लोकांचे म्हणणे ऐकण्यास निघाली होती. नेमके तेव्हा, ऑगस्ट २०१७ मध्ये, सरकारने अभ्यास थांबवण्याचा आदेश दिला. राजधानी एकदा आपण होऊन डोंगराकडे निघाली होती, आणि तिला अर्ध्या वाटेवर रोखले गेले.

भारतीय कायद्याने या बाबतीत वेगळी, आणि तत्त्वतः अधिक न्याय्य, रचना स्वीकारली आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या खाणीला मंजुरी मिळण्यापूर्वी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ जनसुनावणी घ्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो आणि सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते. म्हणजे येथे गावाने राजधानीत जायचे नसून शासनाने गावात यायचे आहे. व्यवहारात काय होते, ते छत्तीसगडमधील रायगड जिल्ह्याने पाहिले आहे. ५ जानेवारी २००८ रोजी खम्हरिया येथे झालेल्या जनसुनावणीत पोलिसांनी लाठीमार केला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१२ मध्ये ती सुनावणी म्हणजे प्रक्रियेची विटंबना असल्याचे ठरवून जिंदाल समूहाच्या खाणीची मंजुरी रद्द केली. त्या लढ्यातील कार्यकर्ते रमेश अग्रवाल यांच्यावर काही आठवड्यांतच त्यांच्या दुकानात गोळीबार झाला. गारे गावचे लोक २०१२ पासून दर २ ऑक्टोबरला मिठाच्या सत्याग्रहाच्या धर्तीवर स्वतःच्या जमिनीतला कोळसा काढून ‘कोयला सत्याग्रह’ करतात.

कायद्याने दिलेली सुनावणी पोकळ ठरते, तेव्हा माणसे पुन्हा चालू लागतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये हसदेव अरण्यातील साडेतीनशेच्या आसपास गावकरी सुमारे ३०० किलोमीटर चालून रायपूरला गेले, राज्यपाल व मुख्यमंत्र्यांना भेटले आणि ग्रामसभांचे ठराव बनावट असल्याची तक्रार त्यांनी मांडली. त्यानंतर आठवडाभरातच केंद्राने त्याच अरण्यातील परसा खाणीला अंतिम मंजुरी दिली. तरीही जुलै २०२२ मध्ये छत्तीसगड विधानसभेने हसदेवमधील खाणपट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला, आणि तो ठराव त्या पायपिटीशिवाय झाला असता असे मानणे कठीण आहे.

महाराष्ट्राचा संबंध येथे येतो. रायगड जिल्ह्याच्या तमनार तालुक्यातील गारे पेल्मा सेक्टर दोन हा कोळसापट्टा २०१५ मध्ये महानिर्मितीला, म्हणजे महाराष्ट्राच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीला मिळाला. चंद्रपूर, कोराडी आणि परळी येथील केंद्रांसाठी तो कोळसा आहे आणि चौदा गावांच्या जमिनी त्यात येतात. जनसुनावणीतील दोषांवर बोट ठेवून हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये त्याची पर्यावरण मंजुरी रद्द केली, ऑगस्ट २०२४ मध्ये ती पुन्हा देण्यात आली आणि जून २०२५ मध्ये पोलीस बंदोबस्तात वृक्षतोड झाली. ॲपलाचियातील कार्यकर्त्यांनी अमेरिकी ग्राहकाला त्याच्या घरची वीज कोणत्या डोंगरातून येते हे दाखवून देण्याचा प्रयत्न केला होता. तोच नकाशा महाराष्ट्रातील ग्राहकापुढे धरला, तर त्यावर तमनारची साल आणि महुआची झाडे येतात. या खटल्यात महाराष्ट्र हा डोंगर नव्हे, वॉशिंग्टन आहे.

महाराष्ट्र वीज नियामक आयोग वीजदर ठरवण्यापूर्वी निरनिराळ्या शहरांत जाहीर सुनावण्या घेतो. तेथे कोळशाच्या किमतीची, प्रतीची, वाहतुकीची पैशापैशाने चर्चा होते, आणि ग्राहकांच्या वतीने पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या संस्था अभ्यासपूर्ण हरकती मांडतात. तमनारचा शेतकरी या वीजकंपनीचा ग्राहक नाही, म्हणून त्याला त्या सभागृहात स्थान नाही. कोळशाच्या खर्चात त्याची जमीन, विहीर आणि साल-महुआचे जंगल धरले आहे की नाही, हा दराशी निगडित प्रश्न आहे आणि ग्राहक म्हणून तो उपस्थित करण्याचा अधिकार महाराष्ट्रातील प्रत्येक वीजबिलधारकाला आहे. पुढील दरसुनावणीत ग्राहकसंस्थांनी आपल्या हरकतींसोबत तमनारच्या ग्रामसभांचे निवेदन दाखल करावे, आणि त्यांच्यापैकी कोणी हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून मुंबईला आलेच, तर आपल्या वाट्याची वेळ त्यांना बोलण्यासाठी द्यावी.